विश्लेषण : दारूच्या व्यसनाला आजार म्हणणारे डॉ. बेंजामिन रश कोण होते? त्यांच्या ‘थर्मामीटर’चा आजच्या तपासणीशी काय संबंध?

पित्त, झोप न लागणे किंवा वाढलेला रक्तदाब अशी तक्रार घेऊन गेल्यावर डॉक्टरांनी दारूबद्दल विचारले, तर अनेकांना राग येतो. दारुडा म्हणजे रस्त्यावर पडलेला माणूस, अशी आपली समजूत. त्या अवस्थेला पोहोचण्याआधीची दहा-पंधरा वर्षे मात्र कुणी मोजत नाही. ही आधीची पायरी कागदावर मांडण्याचा एक गाजलेला प्रयत्न अठराव्या शतकात फिलाडेल्फियातील डॉक्टर बेंजामिन रश यांनी केला.

कोण होते रश?

जन्म १७४६ चा, फिलाडेल्फियाजवळचा. पाच वर्षांचे असताना वडील गेले. एडिनबर्गहून १७६८ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेऊन ते परतले, शिकवू लागले आणि गरीब वस्त्यांत रुग्ण पाहू लागले. वयाच्या तिसाव्या वर्षी, १७७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. शाळेच्या पुस्तकांत ते राहिले ते या सहीमुळे.

दारूकडे लक्ष कसे गेले?

स्वातंत्र्ययुद्धात ते लष्करी वैद्यकीय विभागात मोठ्या पदावर होते. सैनिकांना तेव्हा रोजच्या शिध्यात रम मिळे. रम थंडीपासून वाचवते, थकवा घालवते, हा समज खोटा असल्याचे रश यांनी लिहिले. युद्ध संपल्यावर, १७८४ मध्ये, त्यांनी कडक दारूच्या परिणामांवर पुस्तिका काढली. सुगीच्या दिवसांत मजुरांना रम पाजण्याची रीत होती. त्याऐवजी काकवी आणि व्हिनेगर घातलेले पाणी द्या, कॉफी द्या, असे त्यांनी सुचवले. उपदेश करणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण रमला पर्याय म्हणून शेतावर काय न्यायचे, हे सांगणारे थोडे.

त्यांचा मुख्य मुद्दा वेगळा होता. पिण्याची सुरुवात माणसाच्या मर्जीने होते, पुढे ती सवय बनते आणि शेवटी मर्जी उरतच नाही, म्हणून हा आजार आहे, असे त्यांनी मांडले. भूक मरणे, सकाळच्या उलट्या, हात थरथरणे, यकृताचे विकार, कावीळ, जलोदर, फिट्स ही लक्षणे त्यांनी नोंदवली. घराण्यात हा आजार पुढे सरकतो, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

थर्मामीटर काय दाखवत होता?

पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी थर्मामीटरसारखा तक्ता छापला. वर पाणी, मग दूध, सौम्य बिअर, वाइन. शून्याखाली पंच, टॉडी, ग्रॉग आणि तळाला रमचे दिवसरात्र घोट. (टॉडी हा शब्द आपल्या ताडीवरूनच इंग्रजीत गेला.) प्रत्येक पायरीसमोर दुर्गुण, आजार आणि शिक्षा, अगदी खाली फाशी. चित्र भडक होते, पण माणूस एका रात्रीत तळाला जात नाही, हे त्यातून अक्षर न येणाऱ्यालाही कळले असते.

चुकले कुठे?

बऱ्याच ठिकाणी. वाइन-बिअर माफक घेतली तर हितकारक, असे ते मानत. लाज वाटायला लावणे, रममध्ये ओकारीचे औषध मिसळणे असे उपाय त्यांनी सुचवले. कडक दारू एकदम आणि पूर्ण सोडा, हा त्यांचा सल्ला तर आज जपूनच घ्यावा लागतो. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू तोडली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. तेथे डॉक्टरांची देखरेख हवी. १७९३ च्या पिवळ्या तापाच्या साथीत त्यांनी रुग्णांचे भरमसाट रक्त काढले, त्यावर तेव्हाही टीका झाली. गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या रश यांच्या घरी एक गुलाम होता, हेही खरे.

मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८१२ मध्ये, मनोविकारांवरच्या ग्रंथात त्यांनी मद्यपींसाठी स्वतंत्र रुग्णालय असावे असे लिहिले. एप्रिल १८१३ मध्ये ते वारले. न्यूयॉर्क राज्यात असे रुग्णालय सुरू व्हायला १८६४ उजाडले.

आज तक्त्याची जागा कशाने घेतली?

जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी पुढे आणली. किती वेळा पिता, एका वेळी किती, थांबता येत नाही असे झाले का, घरच्यांनी काळजी बोलून दाखवली का, असे प्रश्न; गुण ० ते ४०. आठ किंवा अधिक गुण म्हणजे धोक्याची सुरुवात. इथे पाच-दहा मिनिटांचे बोलणे अपेक्षित असते: गुण सांगायचे, शरीरावरचा परिणाम सांगायचा, किती कमी करणार हे त्या माणसालाच ठरवू द्यायचे. लाज काढायची नाही. रश यांच्या तक्त्यापासून ही चाचणी सर्वांत दूर जाते ती इथे.

गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत १२ ते १९ गुण आलेल्या पुरुषांसाठी असाच, थोडा लांब उपक्रम राबवला. बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक होते, आणि भेटी जास्तीत जास्त चार. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: नेहमीच्या उपचारांपेक्षा या गटातील अधिक पुरुष तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आले होते. वीस किंवा अधिक गुण आले, तर मात्र बोलण्यावर भागत नाही. त्या रुग्णाला व्यसनमुक्ती तज्ज्ञाकडे पाठवावे लागते.