रिचर्ड शोप

रिचर्ड एडविन शोप (जन्म: २५ डिसेंबर १९०१, डी मॉइन, आयोवा, मृत्यू: २ ऑक्टोबर १९६६) हे अमेरिकन विषाणुशास्त्रज्ञ होते. डुकरांमधील इन्फ्लूएन्झाचा विषाणू त्यांनी प्रथम शोधला आणि प्रतिपिंडांच्या तपासणीवरून त्याचा १९१८ च्या जागतिक साथीशी असलेला संबंध दाखवला. महाराष्ट्रात ही साथ 'मानमोडी' म्हणून ओळखली जाते.

जीवन

आयोवा विद्यापीठातून १९२४ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन शोप प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेत रुजू झाले. तेथील त्यांचे ज्येष्ठ सहकारी पॉल लुइस यांचा १९२९ मध्ये ब्राझीलमध्ये पीतज्वराने मृत्यू झाला. त्यानंतर डुकरांच्या आजारावरील काम शोप यांनी पुढे नेले.

संशोधन

आयोवातील डुकरांमध्ये १९१८ च्या साथीच्या काळात एक नवा श्वसनविकार दिसू लागला होता. आजारी डुकरांचा स्राव जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळल्यावरही रोग उत्पन्न करतो, हे शोप यांनी सिद्ध केले. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी इन्फ्लूएन्झाचा विषाणू त्यानंतर दोन वर्षांनी सापडला.

पुढे त्यांनी निरनिराळ्या वयाच्या माणसांच्या रक्तरसाची तपासणी केली. डुकरांमधील विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे बहुतेक प्रौढांत आढळली. बारा वर्षांखालील मुलांत मात्र ती क्वचितच होती. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवरून, हा विषाणू पूर्वी माणसांत वावरत होता आणि नंतरच्या पिढीशी त्याचा संबंध आला नाही, असे अनुमान निघाले. साथीत दगावलेल्यांच्या रोगाचा पुरावा असा वाचलेल्यांच्या रक्तात सापडला. २००५ पर्यंत १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना उलगडली, तेव्हा या दोन विषाणूंचे जवळचे नाते स्पष्ट झाले.

दोन साथींच्या मधल्या काळात हा विषाणू फुप्फुसातील कृमींत दडून राहतो, हे शोप यांचे मत मात्र टिकले नाही. तो डुकरांमध्ये वर्षभर फिरत असतो, असे पुढील सर्वेक्षणांत आढळले.

सशांमध्ये अर्बुदे निर्माण करणारा 'शोप पॅपिलोमा विषाणू' (१९३३) आणि दुसऱ्या महायुद्धकाळात गुरांच्या बुळकांडी रोगावरील लस, ही त्यांची अन्य महत्त्वाची कामे होत. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

वारसा

वराहपालन केंद्रांतील रोगसर्वेक्षण दीर्घकाळ मुख्यतः रक्तरसाच्या तपासणीवर आधारलेले होते. १९८० च्या दशकात युरोपात अतिसाराची लक्षणे नसलेल्या व लस न दिलेल्या डुकरांत आतड्याच्या करोनाविषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. त्यांचा माग काढताना श्वसनमार्गात वाढणारा एक नवा करोनाविषाणू उघडकीस आला.