पन्नास रुपयांची निवड : आचार्य धर्मानंद कोसंबी

या स्मरणिकेत बाबासाहेबांच्या जीवनावर लिहिणारे अनेक जण असतील, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र येथे आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र मांडण्याचे योजिले आहे. दहावी-बारावीच्या वर्गांतील आमचे विद्यार्थी दरवर्षी एकच प्रश्न घेऊन येतात. कोणती नोकरी धरावी, आणि धरलेली नोकरी मनाजोगी नसेल तर ती सोडावी काय? या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. ज्याने उभे आयुष्य या प्रश्नाशी झुंजण्यात घालविले, अशा एका माणसाचा जीवनक्रम समोर ठेवता येतो. पाली भाषा आणि बौद्ध साहित्य मराठी माणसाच्या दारी आणून ठेवणाऱ्या धर्मानंदांनी जितक्या नोकऱ्या धरल्या, जवळजवळ तितक्या सोडल्या. तरीही त्यांचे जीवन विस्कळीत झाले नाही. असे का झाले, हेच आम्हांस या लेखात पाहावयाचे आहे.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. कुटुंब गौड सारस्वत ब्राह्मणाचे, परिस्थिती बेताची. प्रकृती नाजूक असल्यामुळे शिक्षण गावच्या मराठी शाळेपलीकडे गेले नाही. रूढीप्रमाणे लहान वयातच बाळाबाईंशी विवाह झाला आणि नारळीच्या बागेची देखरेख अंगावर आली. नारळ मोजणे, बागेचे शिंपणे, देणेकऱ्यांची समजूत घालणे यांतच आयुष्य जावयाचे अशी चिन्हे होती. त्या सुमारास, 1897 मध्ये, ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील भगवान बुद्धांचे एक छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले. त्या वाचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली ती कायमची. बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मुळातून मिळवावयाचे, एवढा एकच ध्यास त्यांना लागला.

1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पहिली मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली, परंतु बौद्ध धर्म शिकविणारे विद्यालय तेथे नव्हते. संस्कृत पक्के झाल्याशिवाय पुढची वाट नाही, हे ओळखून ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरणाचे अध्ययन केले. येथे एक गोष्ट आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपासून लपवू इच्छीत नाही. काशीतील अन्नछत्रे आणि पाठशाळा ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होत्या. आमच्या आजे-पणज्यांपैकी कोणी तोच ध्यास घेऊन काशीस गेला असता, तर त्याला उंबऱ्याबाहेरच उभे राहावे लागले असते. धर्मानंदांचे कष्ट खरे होते, उपासमारही खरी होती. पण जी वाट त्यांना कष्टाने का होईना चालता आली, ती इतर अनेकांसाठी अस्तित्वातच नव्हती.

1902 मध्ये बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळला गेले. तेथे पशुबळी आणि कर्मकांड पाहून त्यांची निराशा झाली. पुढे बोधगया आणि कलकत्ता करीत त्याच वर्षी ते सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली व पालीचे अध्ययन आरंभिले. ग्रंथ सिंहली लिपीत होते, म्हणून प्रथम ती लिपी शिकावी लागली. पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर तेथील लिपीशीही परिचय करून घ्यावा लागला. ज्या भूमीत बुद्धांनी उपदेश केला, त्या भूमीच्या लिपीत त्या उपदेशाचे ग्रंथ सहज मिळू नयेत, ही गोष्ट त्यांच्या मनात सलत राहिली असावी. कारण त्यांचे पुढील सारे कार्य हीच उणीव भरून काढण्यासाठी झालेले दिसते.

1906 च्या सुमारास ते कलकत्त्यास आले. संघाचे नियम पाळून नोकरी करणे, वेतन घेणे, लोकांत मिसळून शिकविणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी चीवर उतरविले आणि गृहस्थाचा वेष धारण केला. वंगभंगाच्या चळवळीतून निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात ते पाली शिकवू लागले. पुढे आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने कलकत्ता विद्यापीठात पालीच्या अध्यापनाची सोय झाली व तेथेही त्यांची नेमणूक झाली. मराठी शाळेपुरते शिकलेला गोव्याचा एक तरुण विद्यापीठात अध्यापक झाला. संसारही पुन्हा मांडला गेला. सामान्य चरित्रनायकाची कथा येथे सुखान्त झाली असती.

परंतु धर्मानंदांच्या मनाला येथे स्वस्थता लाभली नाही. पाली ते शिकवीत होते खरे, पण ज्या मराठी समाजातून ते आले, त्याच्यापर्यंत बुद्ध पोहोचत नव्हता. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांचा परिचय झाला. महाराष्ट्रात कोठेही राहावे, वर्षाला एक ग्रंथ बडोदे सरकारसाठी लिहून द्यावा आणि त्याबद्दल दरमहा 50 रुपये घ्यावेत, अशी योजना ठरली. कलकत्त्यास राहिल्यास दरमहा 250 रुपये मिळण्याची शक्यता समोर होती. धर्मानंदांनी 50 रुपये पत्करले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे सुबोध मराठी पुस्तक बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांतून सिद्ध झाले.

हा निर्णय नीट समजून घेतला पाहिजे. धर्मानंदांना गरिबीची हौस नव्हती आणि पैशाचा तिटकाराही नव्हता. त्यांनी दोन नोकऱ्यांची तुलना वेतनावरून केली नाही. आपले काम कोणत्या जागी अधिक होईल, एवढेच पाहिले. एकदा काम ठरले की नोकरी हे त्या कामाचे वाहन होते. वाहन चांगले चालले तोवर त्यात बसावे, वाट सोडून भलतीकडे जाऊ लागले की उतरावे, हा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता दिसतो.

पुढचा क्रम पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. 1910 मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाची संशोधित आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन या पंडिताच्या निधनामुळे अपुरी राहिली होती. तिचे काम त्यांना करावयाचे होते. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी ग्रंथावरील नामनिर्देशाच्या, म्हणजेच केलेल्या श्रमाच्या श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाला आणि 1912 मध्ये ते परत आले. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पालीचे प्राध्यापक झाले. तेथील सहा वर्षांत त्यांच्या हाताखाली जे विद्यार्थी तयार झाले, त्यांपैकी ना. के. भागवत, पु. वि. बापट यांसारख्यांनी महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाची परंपरा पुढे चालविली. 1918 मध्ये ‘विसुद्धिमग्गा’ने त्यांना पुन्हा अमेरिकेस ओढून नेले. 1922 मध्ये परतल्यावर ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातील पुरातत्त्व मंदिरात दाखल झाले. मग पुन्हा अमेरिका, 1929 मध्ये रशियातील लेनिनग्राड, 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह आणि कारावास, आणि पुढे हार्वर्डला अखेरची फेरी. तिथले काम 1932 मध्ये पुरे झाले.

स्थळे बदलली, संस्था बदलल्या, पगार कधी वाढला, कधी घटला. हातातला ग्रंथ मात्र सुटला नाही. ज्या व्यक्तीशी मतभेद झाला तिच्याच संस्थेत ते पुन्हा पुन्हा गेले, कारण अपुरे काम तेथे होते. मानभंग झाला म्हणून काम टाकणे आणि मानभंग सोसून मिंधे होणे, या दोन्ही टोकांपासून ते दूर राहिले. देवनागरी लिपीतील ‘विसुद्धिमग्ग’ मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने 1940 मध्ये प्रसिद्ध केला. हार्वर्डची आवृत्ती 1950 मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात, निघाली. तिच्या मुखपृष्ठावर वॉरन यांच्यासोबत धर्मानंद कोसंबी यांचे नाव आहे.

1937 मध्ये त्यांनी मुंबईच्या परळ भागात, गिरणगावाच्या कष्टकरी वस्तीत, बहुजन विहार सुरू केला. त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ 1940-41 मध्ये प्रकाशित झाला. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही प्रचलित कथा बाजूस सारून शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचा विचार धर्मानंदांनी पुढे आणला. शस्त्राने शस्त्र शमत नाही, या जाणिवेत त्यांना गृहत्यागाचे मूळ दिसले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागामागे हाच पाण्याचा तंटा आहे, हे आमचे विद्यार्थी जाणतात. वार्धक्यात प्रकृती ढासळल्यावर धर्मानंदांनी अन्नत्याग केला आणि 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला.

येथवर आम्ही गौरव केला. आता हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर चरित्रलेखन ही केवळ आरती होते. धर्मानंदांच्या प्रत्येक प्रस्थानामागे एक घर मागे राहत होते. सात वर्षे ज्ञानाच्या शोधात ते फिरत असताना तान्ह्या मुलीसह बाळाबाईंनी दिवस कसे काढले असतील? 1918 मध्ये माणिक आणि दामोदर या दोन मुलांना त्यांनी अमेरिकेस नेले. माणिक तेथे पदवीधर झाली आणि दामोदर पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगन्मान्य झाले. बाळाबाई मात्र धाकट्या मुलींसह मायदेशीच राहिल्या. पन्नास रुपयांची निवड धर्मानंदांनी केली, परंतु त्या पन्नास रुपयांत चूल पेटविण्याचे काम त्यांच्या वाट्याचे नव्हते. मनासारख्या कामाची किंमत पुष्कळदा दुसरेच कोणी तरी मोजत असते. ज्याला हे दिसत नाही, त्याने नोकरी सोडण्याचा विचार करू नये, असे आम्हांस वाटते.

याच संदर्भात बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या सयाजीरावांनी धर्मानंदांना पन्नास रुपये दिले, त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार ते 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, पण तेथे अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना हाकलण्यात आले आणि नोकरी सोडून परतावे लागले. एकाच संस्थानाच्या आश्रयाचे हे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहावेत. एकाने नोकरी सोडली ती आपल्या इच्छेने. दुसऱ्याची नोकरी जातीने हिरावून घेतली. नोकरी बदलण्याचे स्वातंत्र्य हीसुद्धा समाजात विषम रीतीने वाटली गेलेली संपत्ती आहे, हा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये.

तरीही ते स्वातंत्र्य हाती येताच बाबासाहेबांनी काय केले? 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. वेतन दरमहा 450 रुपये. त्या काळी ते मोठेच होते. 1920 मध्ये ती जागा सोडून, साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. येथेही काम आधी ठरले होते, जागा नंतर. आणि येथेही घरचा भार एका स्त्रीनेच, माता रमाईने वाहिला.

आमच्या वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुला-मुलींच्या घरात पहिली नोकरी अजून यावयाची आहे. त्या घरांना पन्नास आणि अडीचशे यांतील निवड शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाही. कर्ज फेडणारी, भावंडांना शिकविणारी, आईचे मोलमजुरीचे काम थांबविणारी नोकरी ही हलकी नोकरी नव्हे. तीही एक धम्माचरणाचीच वाट आहे. भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले. दुसऱ्यास पीडा न देता, प्रामाणिक श्रमाने पोट भरणे, हा तिचा साधा अर्थ आहे. तिच्यात मोठ्या पगाराची मनाई नाही आणि मोठ्या पगाराची आराधनाही नाही.

धर्मानंदांच्या आयुष्यातून घ्यावयाचे ते एवढेच. आपल्याला काय व्हावयाचे आहे, यापेक्षा आपल्या हातून कोणते काम व्हावयाचे आहे, हे आधी शोधावे. ते शोधण्यास वर्षे लागली तरी हरकत नाही. धर्मानंदांनाही पहिले पाऊल टाकण्यास तेविसावे वर्ष उजाडले होते. काम सापडले की त्यासाठी लागणारी भाषा, लिपी, कसब मुळापासून शिकावे. नोकरी त्या कामास जवळ नेते की दूर, हे अधूनमधून तपासावे. आणि सोडण्याची वेळ आलीच, तर आपल्या निर्णयाचा भार ज्यांच्या खांद्यावर पडणार, त्यांना आधी विचारावे. हे शेवटचे पाऊल धर्मानंदांच्या काळातील पुरुषांस सुचले नाही. ते आमच्या मुला-मुलींना सुचावे, म्हणून आम्ही त्यांचे चरित्र दोन्ही बाजूंनी मांडले आहे.