आईवेगळ्या वासरांचे गाणे रंगमंचावर आणणारा नाटककार

अमेरिकन संगीत रंगभूमीचा इतिहास 'ओक्लाहोमा!' या नाटकाचे नाव घेतल्यावाचून पुढे सरकत नाही. ३१ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला आणि पाच वर्षांत २,२१२ प्रयोग झाले. संगीतकार रिचर्ड रॉजर्स आणि गीतकार ऑस्कर हॅमरस्टाईन ही जोडी जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. हे नाटक ज्या मूळ नाटकावर बेतले होते, त्याचे कर्ते लिन रिग्ज मात्र श्रेयनामावलीतील एका ओळीपुरते उरले. त्यांच्या नाटकातही गाणी होती. फरक एवढाच, की ती कुणी रचून दिलेली नव्हती. गुरे हाकणाऱ्यांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या असलेली ती गाणी होती आणि रिग्ज यांनी ती पारखून निवडली होती.

रिग्ज यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८९९ रोजी क्लेअरमोर या गावाजवळ झाला. आज हा भाग ओक्लाहोमा राज्यात मोडतो. त्या वेळी मात्र तो 'इंडियन टेरिटरी' म्हणजे मूळ अमेरिकन जमातींचा प्रदेश होता. वडील गुरांचा व्यवसाय करीत. आईच्या अंगात चेरोकी जमातीचे रक्त होते आणि त्या नात्याने मुलांना जमातीच्या जमिनीतला हिस्साही मिळाला. लिन दोन वर्षांचे असतानाच आई गेली. घरात सावत्र आई आली. तिच्याशी त्यांचे कधी जुळले नाही.

या प्रदेशाच्या अंगावरून गुरांची मोठी वाट गेली होती. १८६७ नंतर टेक्सासमधून हजारो गुरे पायी हाकत उत्तरेकडे कॅन्सासच्या रेल्वे स्थानकांपर्यंत नेली जात. दोन-तीन हजार जनावरांचा एक कळप, सोबत दहा-बारा घोडेस्वार काऊबॉय, दिवसाकाठी पंधरा ते पंचवीस किलोमीटरची मजल आणि हा प्रवास काही महिने चाले. यातली गाणी करमणुकीपुरती नव्हती. दिवसा रेंगाळणाऱ्या वासरांना पुढे रेटण्यासाठी हाकाऱ्यासारखी गाणी म्हटली जात. रात्री पहारा करणारे स्वार कळपाभोवती फिरत संथ, लांब सुरात गात. कारण अंधारात एखाद्या आवाजाने जनावरे बिथरली आणि उधळली, तर माणसे तुडवली जात. टेक्सासमध्ये वाढलेले जॉन लोमॅक्स यांनी १९१० मध्ये अशा गाण्यांचा पहिला मोठा संग्रह प्रसिद्ध केला. रिग्ज यांना मात्र ती पुस्तकातून शिकावी लागली नाहीत.

शाळा संपताच ते गुरांच्या मालगाडीतून शिकागोला गेले. पुढे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथे मिळेल ती कामे केली. १९२० मध्ये ते ओक्लाहोमा विद्यापीठात दाखल झाले. तिथे ते कविता लिहीत. आवाज चांगला असल्याने गायकांच्या चमूबरोबर दौरेही केले. नाटककाराच्या घडणीत हे गाणे फार महत्त्वाचे ठरले असावे, असे वाटते. १९२३ मध्ये प्रकृती ढासळल्याने शिक्षण अर्धवट सोडून ते सांता फे येथे गेले आणि तिथे नाट्यलेखनाकडे वळले. १९२८ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारावर ते फ्रान्सला गेले आणि मायभूमीपासून हजारो मैल दूर बसून त्यांनी मायभूमीचे नाटक लिहिले. 'ग्रीन ग्रो द लायलॅक्स' हे त्याचे नावही एका जुन्या लोकगीतावरूनच घेतलेले. (परदेशी गोऱ्यांसाठी मेक्सिकोत वापरला जाणारा 'ग्रिंगो' हा शब्द याच गीतातून आला, अशी एक दंतकथा आहे. ती खोटी आहे. शब्द त्याहून जुना आहे.)

नाटकाचा काळ १९०० चा. पडदा उघडतो तेव्हा उन्हाळ्याची सकाळ असते, आंट एलर लोणी घुसळत बसलेली असते आणि बाहेरून कर्ली या काऊबॉयचा आवाज येतो. नायकाच्या प्रवेशासाठी रिग्ज यांनी निवडलेले गाणे प्रेमगीत नव्हते. वासरांना उत्तरेकडे हाकणाऱ्या वाटेवरचे होते. त्या गाण्यात वासरांसाठी जो शब्द येतो, तो आईवेगळ्या पिलांना लावला जातो. नाटकाची नायिका लॉरी हीदेखील पोरकी आणि लेखकही तसाच. रिग्ज यांनी हे जाणूनबुजून केले की नाही, याचा निवाडा करण्याची गरज नाही. गाणे चपखल बसले एवढे खरे.

२६ जानेवारी १९३१ रोजी थिएटर गिल्ड या संस्थेने ते ब्रॉडवेवर आणले. कर्लीची भूमिका फ्रँचॉट टोन यांनी केली, तर पुढे अभिनयगुरू म्हणून गाजलेले ली स्ट्रासबर्ग फेरीवाला झाले होते. नाटकात सहा प्रवेश होते. मागे नेपथ्य बदलले जात असताना पुढे काऊबॉय मंडळी गाणी म्हणत. ही मंडळी प्रशिक्षित गायकवृंदातील नव्हती. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील रोडिओ, म्हणजे घोडे आणि बैलांवरील कसरतींच्या खेळातून, काहींना आणण्यात आले. पुढे चित्रपटांत गेलेले हँक वर्डन त्यांपैकीच. टेक्सासहून आलेले आणि कायद्याचे शिक्षण घेतलेले टेक्स रिटर हेही या संचात होते. लोकगीतांचा अभ्यास त्यांनी विद्यापीठातच केला होता. पुढे ते रुपेरी पडद्यावरचे गाणारे काऊबॉय म्हणून घराघरांत पोहोचले. ब्रॉडवेवर ६४ प्रयोग झाले. १९३२ मध्ये नाटकातील गाण्यांचे स्वतंत्र पुस्तकही निघाले.

त्याच वर्षी रिग्ज यांचे 'द चेरोकी नाइट' रंगमंचावर आले. जमिनीबरोबर ओळखही गमावत चाललेल्या चेरोकींची ती कथा. ते अधिक धाडसी नाटक होते. पण ब्रॉडवेपर्यंत ते पोहोचले नाही. उपजीविकेसाठी रिग्ज हॉलिवूडमध्ये पटकथा लिहीत राहिले.

१९४० मध्ये कनेटिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे 'लायलॅक्स'चे पुनरुज्जीवन झाले आणि त्यातून संगीतिकेची कल्पना पुढे आली. हॅमरस्टाईन यांनी नैऋत्य अमेरिकेतील गीतांचे एक जाडजूड पुस्तक रॉजर्स यांना पाठवले. रॉजर्स यांनी त्यातले एक गाणे पियानोवर वाजवले, पुस्तक मिटले आणि पुन्हा उघडले नाही. त्यांना आपल्या कल्पनेतला पश्चिम प्रदेश उभा करायचा होता. त्यात त्यांचे काही चुकले, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या चाली आजही टिकून आहेत. लोणी घुसळणारी आंट एलर आणि पडद्याआडून येणारा कर्लीचा आवाज तसाच राहिला. वासरांचे गाणे मात्र गेले.

गाण्यांबरोबर आणखीही काही गेले. रिग्ज यांच्या शेवटच्या प्रवेशात कर्लीला धरून न्यायला आलेल्या माणसांना आंट एलर सरळ परक्या सरकारची माणसे ठरवते आणि तीच माणसे आपल्या अंगात इंडियन रक्त असल्याचे सांगू लागतात. संगीतिकेत हा भाग उरला नाही. तिथे सारे गाव १९०७ मध्ये अस्तित्वात आलेल्या नव्या राज्याचा जयजयकार करते. ज्या प्रदेशाचा अंत मूळ लेखकाने गाण्यांतून जपला होता, त्याच अंताचा तो सोहळा होता. तरीही रिग्ज यांनी जाहीर तक्रारीचा सूर लावला नाही.

३० जून १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांना क्लेअरमोर येथे दफन करण्यात आले. त्याच उन्हाळ्यात 'ओक्लाहोमा!' चित्रपटाचे चित्रीकरण सुरू झाले. ते झाले ॲरिझोनात. खऱ्या ओक्लाहोमात तोवर तेलविहिरी उभ्या राहिल्या होत्या.