भागवतर : तीन दिवाळ्यांचा नायक

तमिळ चित्रपटसृष्टीचे पहिले महानायक एम. के. त्यागराज भागवतर यांचा जन्म १९१० मध्ये मायावरम येथे सुवर्णकार कुटुंबात झाला. रंगभूमी गाजवून १९३४ मध्ये ‘पवळक्कोडी’द्वारे ते पडद्यावर आले. गायक-नट पी. यू. चिन्नप्पा हे त्यांचे तुल्यबळ प्रतिस्पर्धी. १९४४ मधील ‘हरिदास’ने मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात तीन दिवाळ्या पाहिल्या, नायक मात्र तुरुंगात होता. पत्रकार लक्ष्मीकांतन खूनप्रकरणी त्यांना जन्मठेप झाली होती. प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढा दिल्यावर १९४७ मध्ये ते निर्दोष सुटले. परंतु प्रेक्षक दुरावले होते. पुण्यात चित्रित झालेला ‘राजमुक्ती’ही (१९४८) अपयशी ठरला. प्रतिस्पर्ध्याला हिरावता न आलेले सिंहासन तुरुंगवासाने हिरावले. १ नोव्हेंबर १९५९ रोजी भागवतर निवर्तले.