कमलाबाईंची प्रयोगशाळा

स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठ लहान व्हावी म्हणून काही वेळा ऑपरेशनच्या आधीच औषधं देतात. डोंबिवलीहून परळला उपचारांसाठी जाणाऱ्या बायकांसोबत मी जाते, तेव्हा घरच्यांची एक शंका हमखास ऐकते, की आमच्या बाईवर प्रयोग तर करत नाहीत ना? त्यांना मी डॉ. कमल रणदिवे यांच्याबद्दल सांगते.

कमलाबाई पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. जन्म १९१७ चा, शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. लेकीने डॉक्टर व्हावं असं त्यांना फार वाटे, पण तिचा ओढा संशोधनाकडे. लग्नानंतर मुंबईत आल्यावर डॉ. खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात तशी देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी आणि हार्मोन्सशी काय संबंध, हे त्यांनी उंदरांवर तपासलं. १९७३ साली महिला वैज्ञानिकांची संघटना काढली, १९८२ साली पद्मभूषण मिळालं. २००१ साली त्या गेल्या.

नवं औषध आधी अशाच प्रयोगशाळेत पेशींवर आणि प्राण्यांवर तपासतात. मग मोजक्या रुग्णांना देऊन किती मात्रा सोसते ते बघतात. शेवटी शेकडो रुग्णांत तुलना होते. जुन्या औषधाचा नवा उपयोगही असाच पारखावा लागतो. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या एका चाचणीत सोळाशे बायकांनी भाग घेतला. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे भुलीचं स्वस्त औषध टोचलं. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनंतर आजार न उलटलेल्या बायका शंभरात सुमारे ८७ होत्या. न टोचलेल्यांत ८३. चारच जणींचा फरक, पण त्या चार घरांना विचारा!

तेव्हा घाबरून उपचार सोडू नका. नेहमीच्या उपचारातलं औषध या सगळ्यातून पार पडलेलं असतं. चाचणीतलं असेल, तर तुमची लेखी संमती घ्यावीच लागते. कागद मराठीत मागा, नीट समजून घ्या, मगच सही करा. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि नाही म्हटलं म्हणून नेहमीचे उपचार थांबत नाहीत.