समजून घ्या : ६१७४ या आकड्यामागचे देवळालीचे मास्तर

कोराडीच्या वीज केंद्रातले ६६० मेगावॉटचे तीन संच मिळून क्षमता होते १९८०. हाच आकडा घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ९८१०. चढत्या क्रमाने, ०१८९. वजाबाकी ९६२१. पुन्हा तेच : ९६२१ वजा १२६९, म्हणजे ८३५२. आणखी एकदा : ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च येणार. चारही अंक सारखे नसलेला कोणताही चार अंकी आकडा जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच येऊन थांबतो. १९४९ मध्ये हे शोधणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या नावाने जगभर हा 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो.

कोण होते कापरेकर?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये पदवी. पुढचे शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

अडचण इथेच होती. ना विद्यापीठाचे पद, ना संशोधनाची पदवी. आकड्यांशी खेळणारा मास्तर म्हणून अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम मनावर घेतले नाही. कापरेकर मात्र पुस्तिका स्वतःच छापून घेत आणि पदरमोड करून परिषदांना जात.

सापडलेल्या आकड्यांना ते घरचीच नावे देत. अंकांच्या बेरजेने भाग जाणारा तो 'हर्षद', आनंद देणारा. आपला १९८० हर्षदच आहे : बेरीज १८, भागाकार ११०. ६६०सुद्धा! काही संख्यांना त्यांनी देवळालीचेच नाव दिले. 'डेमलो' हे नाव रेल्वे स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे. नऊ वेळा १ लिहून (१११११११११) वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, ही डेमलो संख्या. मोबाइलवर सगळे अंक मावले नाहीत तर कागदावर गुणाकार करा, मजा तिथेच आहे.

'कापरेकर संख्या' आणखी वेगळी. ४५चा वर्ग २०२५. २० अधिक २५ पुन्हा ४५. मोठे उदाहरण १४२८५७ : वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे परत १४२८५७.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेनासे झाले, तेव्हा त्यांनी शिकवण्या घेतल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला कळले. तेव्हा ते ७० वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.