आकाशाची ‘सोनोग्राफी’ करणारे शिशिरकुमार

अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या घरांत रात्री रेडिओची सुई लांबलांबच्या स्टेशनांवर सहज थांबायची. दिवसा जिथे नुसती खरखर, तिथे रात्री गाणी. मधेच आवाज बुडायचा, पुन्हा वर यायचा. लोक रेडिओला चापट मारीत, पण दोष रेडिओचा नसे. तो कारभार डोक्यावरच्या आकाशातला. भारतात त्याचा पाया घालून अभ्यास केला तो प्रा. शिशिरकुमार मित्र यांनी.

२४ ऑक्टोबर १८९० चा त्यांचा जन्म. घराणे हुगळी जिल्ह्यातील कोन्नगरचे. आई शरत्कुमारी यांनी त्या काळात कॅम्पबेल मेडिकल स्कूलमधून वैद्यकीय शिक्षण घेतले आणि भागलपूरच्या लेडी डफरिन रुग्णालयात नोकरी धरली. पुढे दोन थोरली मुले गेली, वडिलांना अर्धांगवायू झाला आणि काही वर्षांत तेही गेले. घर चालले ते या डॉक्टरबाईंच्या पगारावर. शिशिरकुमारांच्या शिक्षणाचे मोल मोजताना ही नोकरी विसरता येत नाही.

१९१२ मध्ये एम. एस्सी. झाल्यावर त्यांनी भागलपूर, बांकुडा येथे शिकवले, मग कोलकाता विद्यापीठात रामन यांच्याजवळ प्रकाशावर संशोधन केले. १९२० मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे डॉक्टरेट, मादाम क्युरींच्या संस्थेत काही काळ काम, आणि मग नान्सीला प्रा. गुतों यांच्याकडे रेडिओच्या व्हॉल्व्हची ओळख. दिशा बदलली ती तिथे. १९२३ मध्ये परतल्यावर त्यांनी विद्यापीठात बिनतारी विद्येचे शिक्षण सुरू केले; त्यांच्या प्रयोगशाळेतून ‘टू-सी-झेड’ या नावाने प्रक्षेपणही होई.

त्यांच्या मुख्य कामाची पद्धत आजच्या रुग्णांना चटकन कळेल. सोनोग्राफीत ध्वनीचा ठोका शरीरात सोडतात आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून अवयव किती खोल ते ठरते. इथे रेडिओचा ठोका वर सोडायचा. १०० किलोमीटरवरच्या थरावरून परतायला त्याला सेकंदाचा सुमारे पंधराशेवा भाग लागतो. सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेल्या हवेचे हे थर, म्हणजेच आयनांबर. त्यातील ‘ई’ थराचा पुरावा मित्र यांच्या गटाने १९३० च्या सुमारास कोलकात्यात मिळवला. १९३५ मध्ये तर त्यांनी आणि सहकारी श्याम यांनी सुमारे ५५ किलोमीटरवरून येणारे प्रतिध्वनी नोंदवले. इतक्या खालून प्रतिध्वनी येणे चमत्कारिकच. पण हाच खालचा ‘डी’ थर दिवसा मध्यमलहरी शोषून घेतो आणि रात्री जवळजवळ नाहीसा होतो. वऱ्हाडातल्या रात्रीच्या गाण्यांचे उत्तर त्यात होते.

हौशी रेडिओ चालवणाऱ्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, हाच खेळ आज संगणकाच्या पडद्यावर दिसतो. डिजिटल संदेशाची एक सरळ रेघ हवी, तर शेजारी फिकट दुसरी रेघ उमटते. कधी ती तिरकी सरकते. जाणाऱ्या विमानावरून लाट परतली की डॉप्लर परिणामाने कंप्रता किंचित बदलते. हृदयाच्या इकोत रक्ताचा वेग कळतो तो याच तत्त्वाने. मात्र दोन्ही बाजूंना ५० किंवा १०० हर्ट्झवर सारख्या अंतराने रेघा दिसल्या, तर आकाशाला बोल लावण्याआधी आपला वीजपुरवठा तपासावा! ते बहुधा घरच्या विजेच्या गुणगुणीने तयार झालेले बाजूपट्टे असतात. खरा प्रतिध्वनी आणि यंत्राचा दोष वेगळा काढणे हे मित्र यांच्या काळीही कामाचे निम्मे ओझे होते, आणि तेव्हा हाताशी संगणक नव्हता.

सगळे ज्ञान एकत्र करून त्यांनी ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ लिहिला. असले पुस्तक घेणार कोण, म्हणून प्रकाशक पुढे येईनात. अखेर मेघनाद साहांनी मनावर घेतले आणि १९४७ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने तो छापला. १९५२ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, पुढे रशियन भाषांतरही झाले. वरच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांच्या टेबलावर तो अनेक वर्षे होता.

कोलकात्यातील रेडिओ भौतिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स संस्था आणि हरिणघाट्याचे आयनांबर केंद्र ही त्यांचीच उभारणी. १९५८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १३ ऑगस्ट १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.